बारा पक्ष्यांचे राहिलेले डोळे

मेस्त्रीसरांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी मला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं तेव्हा, आणि खरं सांगायचं तर तो राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. मी तेव्हा दहावीत होते. मालवणला तालुक्याची चित्रकला स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून आफ्रिकेतून परत आलेले कुणी दत्ताराम मेस्त्री येणार, असं बाईंनी सांगितलं होतं. मी कॅलेंडरवरून गरुड काढला होता. खडकावर बसून पंख पसरलेला, चोच उघडी, मागे सूर्य. सगळ्या शाळेने वाहवा केली होती. सर चित्रापुढे उभे राहिले. गोल चष्मा, पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "ह्यो गरुड थंय कित्याक बसलो आसा?"

परीक्षक म्हणजे शुद्ध बोलणार, अशी माझी समजूत. मी गडबडले. म्हटलं, "सर, तो नुसता बसलाय."

"नुसतो कोण बसना नाय गो बाय. नुसती माणसा बसतत. तेका भूक लागली आसा? उन खाता? कोणाची वाट बघता? ता माका चित्रात गावना नाय."

पहिलं बक्षीस एका मुलाच्या कोंबडीला मिळालं. ती उकिरडा उकरत होती. मी घरी येऊन चित्र फाडलं आणि आईपुढे रडले. आई मालवणच्या मासळी बाजारात बसायची. ती म्हणाली, बक्षीस देणारा माणूस येडा असेल, पण प्रश्न बरा विचारला त्याने.

त्या येड्या माणसाला या महिन्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीची मी सचिव आहे. "लेख प्रसन्न असावेत" असं पत्र मीच माझ्या सहीने सगळ्या लेखकांना पाठवलं आहे. माझा लेख प्रसन्न होणार नाही. समितीने मला माफ करावं, किंवा करू नये.

सरांची थोडी ओळख करून देते, कारण ग्रंथ बाहेरगावीही जाणार आहे. सर धामापूरचे. त्यांच्या वडिलांची, अण्णांची, गणपतीची शाळा होती. आमच्याकडे गणपती दुकानातून आणत नाहीत. प्रत्येक घर आपला पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतं, मूर्तिकार त्याच पाटावर गणपती घडवतो, आणि चतुर्थीला तो पाट डोक्यावर घेऊन माणसं घरी जातात. सर लहानपणापासून त्या शाळेत माती मळत होते. तरुणपणी ओळखीच्या माणसाबरोबर ते केनियात गेले, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी एका लाकडाच्या वखारीत पाट्या रंगवायच्या नोकरीवर. लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, धामापुरातच राहिल्या. दोन-तीन वर्षांचा बेत होता, त्याची पंचवीस वर्षं झाली.

याला कारण एक पक्षी. पहिल्याच रविवारी सर सरोवरावर गेले असताना त्यांनी मत्स्यगरुडाची ओरड ऐकली. पांढरं डोकं, पांढरी छाती, बाकी अंग तांबूस-काळं. ओरडताना हा पक्षी मान पार मागे टाकतो, उडतानासुद्धा. जोडीतला एक ओरडला की दुसरा साथ देतो. सर सांगतात, त्या दिवशी ते डबा खायचा विसरले. मग दर रविवार तिकडेच. पुढे ते सुट्ट्या साठवून मैदानांत, कड्यांत, रानांत गेले. चित्रकलेचं शिक्षण नाही, पक्ष्यांचं तर नाहीच. पाट्या रंगवून उरलेला रंग आणि दुर्बीण, एवढ्यावर त्यांनी शिकारी पक्षी काढायला सुरुवात केली. काकी गमतीने म्हणतात, "लोकांच्या सवती गोऱ्या-काळ्या असतत. माझी पंखांची होती."

सरांच्या चित्रातला पक्षी आपल्यासाठी बसलेला नसतो. तो काहीतरी करत असतो आणि आपण मध्ये आलो असतो. लांब पायांचा सेक्रेटरी पक्षी गवतात सापाला लाथा घालतो, तेव्हा त्याचे पंख थोडे उघडलेले असतात, सापाचा फटका पिसांवर यावा म्हणून. (मी समितीची सचिव झाले तेव्हा सर म्हणाले होते, "तू पण सेक्रेटरीच गो. चालतंस पण तशीच." हे मी आनंदाने ऐकून घेतलं.) शेपूटच नसल्यासारखा दिसणारा बॅटलर गरुड सकाळी पंख उलटे फिरवून ऊन घेत उभा असतो, दोरीवर सदरा वाळत घातल्यासारखा. आणि एक काळ्या गरुडाच्या घरट्याचं चित्र आहे. मोठं पिल्लू धाकट्याला चोचीने मारतं आहे. बाजूला आई उभी आहे. ती अडवत नाही. या जातीत हे जवळजवळ दर वेळी घडतं. सरांनी समोरच्या कड्यावर बसून दिवसचे दिवस ते पाहिलं होतं. ते चित्र पाहून एका शिक्षिकेने मला विचारलं, असलं कशाला काढायचं? मी तो प्रश्न सरांना सांगितला. ते म्हणाले, "माका पण बघूक बरा वाटला नाय. पण मी उठान गेलंय नाय."

दुसरा एक प्रश्न त्यांना प्रत्येक प्रदर्शनात विचारला जातो. आपल्याकडे काय पक्षी नाहीत? आफ्रिकेतलेच का? पाहुणे बहुधा मोराची शिफारस करतात. सरांचं उत्तर ठरलेलं आहे: "हयले माका बघूक गावले नाय. मी थंय होतंय."

यातला खरा सल गिधाडांचा आहे. तिकडच्या मैदानावर एका सकाळी त्यांनी मेलेल्या जनावराभोवती गिधाडांची पंगत पाहिली आणि दुपारी तीच गिधाडं आजूबाजूला मरून पडलेली पाहिली. सिंहाने गुरं मारली म्हणून कुणी गुराख्याने मढ्यात विष घातलं होतं. सिंह आलाच नाही. सरांनी चित्र सकाळचं काढलं आहे, दुपारचं नाही. गिधाडं भांडत, ढकलाढकली करत जेवत आहेत, एवढंच. पाहणाऱ्याला सांगितल्याशिवाय काही कळत नाही. गावी परत आल्यावर सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, आपली गिधाडं कुठे आहेत? अण्णांच्या काळी धामापूरच्या तळ्यापलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, ती बसत. लोक विचारात पडले. नाहीशी झाली हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटचं गिधाड कधी पाहिलं, ते मात्र कुणालाच सांगता येईना.

आता थोडं माझ्याविषयी, कारण सरांच्या चांगुलपणाचा पुरावा माझ्याकडे तोच आहे. दहावीनंतर मी त्यांच्या रविवारच्या वर्गाला जाऊ लागले. रागाने गेले होते, त्यांना एकदा बरोबर गरुड काढून दाखवायचा म्हणून. ते काही झालं नाही, पण मी चित्रकलेची शिक्षिका झाले. सर बाजारात आईकडे यायचे आणि एकच बांगडा घेऊन जायचे. दिवसभर तो समोर ठेवून काढत बसायचे. आईला हे कळलं तेव्हा ती भर बाजारात म्हणाली, "मास्तरानु, बांगडो खावचो असता. तेका असो बघीत बसलात तर तो कुसतलो." सर म्हणाले, कुसतो खरा, काकी तो घरात घेत नाहीत. त्यानंतर आई त्यांच्यासाठी आदल्या दिवशीचा, विकण्याजोगा न राहिलेला मासा ठेवू लागली.

आईला पक्षाघात झाला तेव्हा तिची डावी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. बाजारात बोलण्यावर राज्य केलेली बाई ती. भेटायला येणारे लोक तिच्याशी मोठ्याने आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलत, आणि ती भिंतीकडे तोंड करी. सर दर गुरुवारी एसटीने मालवणला येत. तब्येतीची चौकशी करत नसत. वहीतलं माशाचं चित्र तिच्यापुढे धरत आणि विचारत, "काय चुकला?" ती उजव्या हाताने दाखवी. कल्ला इथे नाही, तिथे. हा पर मोठा. एकदा त्यांनी मत्स्यगरुडाच्या पंजातला मासा दाखवला. आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने उजव्या हाताचा तळवा गादीवर आपटला, उलटा, सुलटा, परत उलटा. मला काही कळलं नाही. सरांना कळलं. त्यांचा मासा मेलेला होता, नुसता लोंबत होता. नुकताच पकडलेला मासा शेपूट मारतो. त्यांनी तिथेच बसून तिचा हात काढून घेतला. आज त्या चित्रातली माशाची शेपूट म्हणजे माझ्या आईचा तळवा आहे. आई गेली त्याला सात वर्षं झाली. तिच्या आजारपणात तिला काहीतरी विचारणारे एवढे एकच गृहस्थ होते.

हे चित्र ज्या मालिकेतलं, त्या मालिकेवर आता येते. आत्तापर्यंत मी टाळत होते.

गेली आठ वर्षं सर बारा मोठी तैलचित्रं करत होते. प्रत्येक चित्र चार-पाच फुटी, प्रत्येकात एकच घटना. आयुष्यभर पाहिलेलं सगळं त्यात आणायचं होतं. ते म्हणत, यानंतर मी काढणार नाही, मग नुसतो बसतलंय. बाराही चित्रं पूर्ण आहेत. पिसं न् पिसं, नख्या, रक्त, धूळ, सगळं आहे. फक्त डोळे नाहीत. मुख्य पक्ष्याच्या डोळ्याच्या जागी प्रत्येक कॅनव्हासवर फिकट मातकट गोल आहे.

ही अण्णांच्या शाळेची रीत. अण्णा सगळे गणपती आधी पुरे रंगवून ठेवत आणि डोळे सगळ्यांचे एकाच बैठकीत, चतुर्थीच्या आदल्या सकाळी उघडत. आंघोळ करून बसायचे. कुणी बोलायचं नाही. चहासुद्धा मधे नाही. त्यामागे भक्ती होती तशी अक्कलही होती. हात एकदा बसला की सगळ्यांना सारखा बसतो, असं ते म्हणत. आणि डोळा उघडला की मूर्ती त्या घरची, मग मूर्तिकाराने तिला बोटसुद्धा लावायचं नाही. सरांनी देव सोडून पक्षी धरले, पण रीत सोडली नाही. आफ्रिकेतसुद्धा ते चार-सहा चित्रांचे डोळे एकदम उघडत. या वेळी बाराही तयार झाली की एका सकाळी बसायचं ठरलं होतं.

आणि बाराही तयार झाली. गेल्याच्या गेल्या वर्षी, श्रावणात. सरांनी मला फोन केला, "नंदा, रविवारी बसतंय. तू ये." सूर्य वर यायच्या आत घरी ये आणि तोंड उघडू नको, असंही बजावलं.

मी गेले असते तर आज हा लेख वेगळा असता. पण मी समितीची सचिव. आमची पहिली बैठक नुकतीच झाली होती आणि माझ्या डोक्यात एक सुरेख कल्पना आली होती. सरांच्या पंचाहत्तरीला मोठं प्रदर्शन करायचं आणि तिथे, सगळ्यांच्या साक्षीने, सरांनी बारा पक्ष्यांचे डोळे उघडायचे. मी त्यांना फोनवर ते सांगितलं. खूप उत्साहाने सांगितलं. मग ते म्हणाले, "लोकांसमोर?"

"सगळे गप्प बसतील सर. मी बघते ना."

"बरा. तुका बरा वाटता तर थांबूया."

त्यांना ते आवडलेलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण उत्सवाची हौस माणसाला आंधळं करते. हा शब्द मी फार सहज लिहून गेले, पण खोडत नाही.

पुढे पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी सर मला म्हणाले, "नंदा, खिडकेचो मधलो गज वाकडो झालो काय गो?" मी बघितलं. गज सरळ होता. मी हसून म्हटलं, "सर, जुनं घर आहे, तुमच्यासारखंच वाकायला लागलंय." तेही हसले. त्यांचा उजवा डोळा आधीपासून अधू होता, सगळी भिस्त डाव्यावर. सरळ रेघ वाकडी दिसणं हे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या भागात बिघाड होत असल्याचं लक्षण असतं, हे मला आता पाठ आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं. मी विनोद केला आणि चहा प्यायले. महिनाभराने काकींनी वाढलेल्या ताटात त्यांना मधला भात दिसेना, फक्त कडेची चटणी आणि कोशिंबीर दिसत होती. तेव्हा आम्ही धावलो. डॉक्टर तरुण होते आणि सभ्य होते. थोडं लवकर आला असतात तर, एवढंच म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. डोळ्यात इंजेक्शनं झाली. बिघाड थांबला. गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आता सरांना कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस आला की त्याचे हातपाय दिसतात, तोंडाच्या जागी धुकं. काही बघायचं तर मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं लागतं. घरात ते न अडखळता फिरतात. त्यामुळे लोक म्हणतात, बरं आहे की सर तुमचं! काकी मला म्हणाल्या, "सकाळी उठले की इचारतत, उजेड खंयसून येता गो? तेंका आता उजेड सांगूचो लागता." हे सांगताना त्या वाटाणे सोलत होत्या, सोलत राहिल्या.

मी एकदा धीर करून विचारलं, स्पष्ट असं शेवटचं काय पाहिलंत? सर म्हणाले, "ठावक नाय. माका वाटला, उद्या पण दिसतला."

मी त्यांची क्षमा मागितली नाही असं नाही. तीनदा मागितली. पहिल्यांदा ते म्हणाले, तुझा काय दोष. दुसऱ्यांदा म्हणाले, विषय नको. तिसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत, आणि मला वाटतं तेच खरं उत्तर होतं. त्यानंतर मी मागितलेली नाही. आजही त्यांच्या घरी जाताना तळ्याकडच्या वळणावर मला परत फिरावंसं वाटतं. मी परत फिरत नाही, एवढंच.

समितीत चर्चा झाली. मुखपृष्ठावर मत्स्यगरुड हवा होता आणि बिनडोळ्यांचा पक्षी बरा दिसणार नाही, असं एकमत झालं. नंदाताईंनी सरांच्या मार्गदर्शनाखाली डोळे पूर्ण करावेत, असा ठराव झाला. मी सरांना विचारलं. ते उठून काकींबरोबर तळ्यावर गेले. संध्याकाळी म्हणाले, "कर. पयलो मत्स्यगरुड कर."

त्यांनी मला पाठ असल्यासारखं सगळं सांगितलं. मत्स्यगरुडाचा डोळा पिवळा नाही, गडद तपकिरी. भोवती पिवळी कातडी असते, त्याने लोक फसतात. बॅटलरचाही तपकिरीच. ठिपक्यांच्या पोटाच्या मोठ्या गरुडाचा मात्र पिवळा. मी आंघोळ करून गेले. चहा घेतला नाही. सर खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे कोपऱ्यातून मी त्यांना दिसत असेन. दोन तास लागले. रंग अगदी त्यांनी सांगितला तसाच मिळाला. कधी नव्हे तो माझा हात बसला होता. चित्रात मत्स्यगरुड फांदीवर मासा दाबून बसला आहे आणि वरून दुसरा गरुड तो मासा हिसकायला झेपावतो आहे. मी ब्रश ठेवला. पक्षी जिवंत झाला होता. मला रडू आलं, आनंदाने.

सर म्हणाले, "दाराकडे जा. बघता तुका?"

"बघतो, सर."

"आता खिडकेकडे ये. आता?"

"आतासुद्धा बघतो!" मी अभिमानाने सांगितलं. गणपतीचा डोळा असाच साधावा लागतो. घरात कुठेही उभं राहा, तो आपल्याकडे बघतो. ज्याला ते जमलं तो मूर्तिकार, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगेल.

"मगे पुसून टाक," सर म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तो गणपती झालो गो. गणपती आमका बघता, म्हणान आम्ही तेका घरात हाडतंव. गरुड आमका कित्याक बघतलो? तेच्या डोक्यावर चोर इलो आसा. तेका आमचा काय पडला?"

त्यांना तो डोळा दिसलाच नव्हता. न बघता त्यांनी चूक पकडली होती, आणि ती चूक माझी एकटीची नव्हती. गणपतीच्या शाळांच्या आसपास वाढलेल्या कुठल्याही हाताने तीच केली असती. सरांच्या हाताला ती चूक टाळायला पंचवीस वर्षं आफ्रिकेत काढावी लागली. मी टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि डोळा पुसला. मातकट गोलावर थोडा तपकिरी डाग राहिला, तो निघत नाही. बाकी अकरा चित्रांना मी हात लावलेला नाही. लावणारही नाही, आणि समितीचा ठराव मी सचिव या नात्याने बाजूला ठेवला आहे.

या बारांतल्याच काळ्या गरुडाच्या चित्राबद्दल मी त्यांना नंतर विचारलं. ती आई कुठे बघते आहे? मारणाऱ्या पिल्लाकडे, मरणाऱ्याकडे, की दुसरीकडेच? सर म्हणाले, ते ब्रश हातात घेतल्यावर कळलं असतं. आधी नाही.

तर वाचकहो, ग्रंथात बाराही चित्रं आहेत तशी छापली आहेत. प्रदर्शनाला याल तेव्हा तिथेही ती तशीच असतील. पक्ष्यांना डोळे का नाहीत, असं सरांना विचारू नका. मी दाराशीच उभी असेन, मला विचारा. मी सगळं सांगेन, फोनवरचं बोलणंसुद्धा.

आता शुभेच्छा. अशा लेखाचा शेवट शतायुषी व्हा म्हणून करायचा असतो. सरांपुढे हे म्हणायला माझी जीभ उचलत नाही. ज्या माणसाचा सगळा जन्म बघण्यात गेला त्याच्यासाठी न दिसणारी आणखी पंचवीस वर्षं मागणं, हा आशीर्वाद की दुसरं काही, मला समजत नाही. त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. रक्तदाब नाही, साखर नाही. तळ्याभोवती रोज फेरी मारतात, काकींचा हात धरून. मला याचा आनंद व्हायला हवा. कधी होतो, कधी होत नाही.

पण मागते. स्वतःसाठी मागते. गेल्या पावसाळ्यापासून मी घरी मोठ्या कागदांवर मत्स्यगरुडाचा डोळा काढते आहे, एका कागदावर एकच, ताटाएवढा, म्हणजे सरांना कोपऱ्यातून दिसावा. दर रविवारी एक घेऊन धामापूरला जाते. ते कागद उजेडाकडे धरायला लावतात, मान तिरकी करतात, मला दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावतात. परवाचा एकेचाळिसावा होता. या वेळी मला वाटलं होतं की जमलं. तो डोळा माझ्याकडे बघत नव्हता, वर बघत होता. सरांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. काकी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मग सर म्हणाले, "न्हय."

मी कागद गुंडाळला. काकींनी चहा दिला. निघताना सरांनी विचारलं, "रविवारी येतलंस मां?"

येणार आहे, सर. तो गरुड कुठे बघत होता ते तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. खूप वर्षं राहा, आणि माझं चुकेल तोवर "न्हय" म्हणत राहा.